तेहतीस नंबरचं घर

…अहो, नको काय म्हणता, घ्या कॉफी — तुम्हा डेन्मार्कच्या माणसांना आमच्या नेपल्सची कडू लागते म्हणे, म्हणून साखर सढळ घातलीय. आणि चित्रात ती वरची खिडकी नीट काढा हं मास्तर, आत आमचे हे असतात — दोन वर्षं झाली, पाय हलत नाहीत त्यांचे. हे घर गेलं तर त्यांना नेऊ कुठे मी? म्हणून तर कार्मिनेच्या देवळातल्या मारियामाईला नऊ बुधवार अनवाणी गेले, या बघा टाचा! मागितलं काय? हेच, की तुम्ही आमच्या दारात येऊन बसावं. हसू नका. तिच्या देवळात चित्रं टांगलीत ना — बुडता-बुडता वाचलेली होडी, विहिरीतून जितं निघालेलं पोर — जे वाचलं त्याचंच चित्र लागतं तिथे. मग पटकीच्या साथीनंतर गल्ली पाडून रस्ता करणार असं ऐकलं, तेव्हा मी म्हटलं, ज्याचं चित्र निघालं ते घर वाचलं.

शेजारची ब्रिजिदा मला टोमणे मारायची — "माझ्या घराचं चित्र आधी काढलं, देखणं ना!" — नटूनथटून बसली होती खिडकीत. ईस्टरनंतर पाडलं तिचं घर. मग सबातो पाववाल्याचं… त्याचंही तुम्हीच काढलं होतं, नाही? असू दे, त्यांनी कुठे नवस केला होता! आमच्या दारावर, पाडायच्या घरांवर मारतात तशी, चुन्याची फुली मारून गेला होता कुणी, ती तर मी राखेनं घासून — अगं बाई, हे बोलायचं नव्हतं. तुम्ही नाही सांगणार कुणाला.

कागद उडाला बघा तुमच्या पेटीतला — थांबा, मी उचलते. वाचता येत नाही हो, आकडे तेवढे कळतात, लॉटरीपायी. सत्तावीस, ही ब्रिजिदा. एकोणतीस, सबातो. दोघांवर रेघ. तेहतीस…

तेहतीस आम्ही, मास्तर.

पालिकेवाले पाडायच्या आधी घराचं चित्र काढून घेतात? आठवण म्हणून? — मान तरी हलवा. …हं. म्हणजे नऊ बुधवार मी या पाडापाडीलाच बोलावत होते. नाही, नाही, माई असं नाही करायची. तिनं तुम्हाला थांबवायलाच धाडलं असेल — छपराची ती बाजू राहू द्या ना कोरी! चित्र पुरं झाल्याशिवाय कुदळ नाही ना पडत? मग पुरं करूच नका — अहो, ब्रश कशाला बुडवताय?

ऐकलंत? वरून हे विचारतायत, झालं का म्हणून. — नाही हो, कुठलं व्हायला! अजून पुष्कळ राहिलंय!

उठा मास्तर. उठा म्हणते ना.