धुरपताचं घर

वर्धा स्टेशनाबाहेर तिकिटाची रांग वळत वळत लिंबाच्या झाडापलीकडे गेली होती. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या किसनरावांच्या कानावर झाडाखालचं बोलणं पडत होतं. तिथे तीन दगडांच्या चुलीपाशी म्हातारी धुरपता बसली होती, आणि कॅमेरा घेतलेला नागपूरचा एक तरुण तिच्यापुढे उभा होता.

"आजी, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांचे फोटो काढतोय मी. तुमचा काढू?"

"काढ ना, बाबू. पण पयले बूट काढ. माह्या सैपाकघरात उभा हायेस तू."

"सैपाकघर? मग दार कुठे आहे?"

"थो पांढरा गोटा दिसते ना, थो उंबरठा. सकाळीच धुतला म्या त्याले."

"पोलीस उठवत नाहीत तुम्हाला इथून?"

"उठवते ना. पण थोही बूट काढूनच आत येते."

तरुण मागे गेला, गोट्यापलीकडे बूट ठेवून अनवाणी परत आला.

"आता कसं! बस. पानी पे."

पाणी पिऊन त्याने विचारलं, "आता काढू?"

"काढ. पण मले एकटीले नोको काढू. सारं घर येऊ दे त्यात."

तरुण कॅमेरा डोळ्याला लावून एकेक पाऊल मागे सरकत गेला. पार रस्त्याकडेला उभ्या टांग्यांपर्यंत पोचला.

"आलं का रे घर?"

"नाही आजी, अजून नाही मावत. फार मोठं आहे."

रांग सरकली. किसनरावांनी खाली पाहिलं. पांढरा गोटा त्यांच्या मागे होता.

त्यांनी वाकून पायातले जोडे हातात घेतले.