कोरं रजिस्टर

(सरकारी शाळेचं ग्रंथालय. मधली सुट्टी नुकतीच संपलीय. शिक्षण खात्यातून तपासणीला आलेले साहेब आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई.)

साहेब : नाही, पण मला एक कळत नाही बाई. तीन वर्षांत एकही पुस्तक गेलं नाही?

बाई : रजिस्टर तसं म्हणतंय खरं.

साहेब : कोरं करकरीत आहे हो! यंदा निधी कापलाय, ठाऊक आहे ना? वर्षाला दोनशे पुस्तकं गेली नसतील, तर ग्रंथालय बंद. ही खोली बाकं ठेवायला जाणार.

बाई : आणि मी?

साहेब : तुम्हाला दुसऱ्या शाळेत पाठवतील.

बाई : माझं काय हो, मी कुठेही बसेन. पोरांनी कुठे जायचं?

साहेब : कुठली पोरं? येतंय कोण इथे? आणि हे बघा, या पुस्तकाचे कोपरे कुणी दुमडले? याला तर वहीचा कागद लावून शिवलंय.

बाई : उंदीर असतील.

साहेब : सुई-दोऱ्याने शिवणारे उंदीर?

बाई : हुशार आहेत आमच्याकडचे.

साहेब : बाई, थट्टा पुरे. यादीत बाराशे पुस्तकं आहेत आणि कपाटं अर्धी रिकामी. गेली कुठे?

बाई : बसा. पाणी घ्या आधी. सांगते. पुस्तक हरवलं तर त्या पोराचा निकाल अडवायचा, हा नियम तुमच्याच खात्याचा ना?

साहेब : जुना आहे. पण आहे.

बाई : तीन वर्षांमागे एका मुलीचं पुस्तक घर बदलताना हरवलं, निकाल अडला. रडून रडून जीव नकोसा केला तिने. दुसऱ्या दिवसापासून एक पोर फिरकेल तर शपथ! मग मी पेनच बाजूला ठेवलं. म्हटलं, न्या, वाचा, आणून द्या.

साहेब : नोंद नाही, काही नाही? लक्षात कसं राहतं?

बाई : विचारून बघा.

साहेब : ही फट. वरून तिसरा कप्पा.

बाई : टेलरच्या मुलीकडे. तिसऱ्यांदा वाचतेय.

साहेब : आणि हे? दुसरा भाग आहे, पहिला नाही.

बाई : वॉचमनच्या जुळ्यांकडे. एक पहिली पानं वाचते, दुसरी पुढची. मग भांडत भांडत एकमेकींना गोष्ट सांगतात.

साहेब : अरेच्चा! आणि तो जाडा कोश?

बाई : तो हेडमास्तरांकडे. त्याची आशा सोडलीय मी.

साहेब : बाहेर आहेत तरी किती?

बाई : पाचशे चाळीस. काल एक परत आलं, नाहीतर एक्केचाळीस.

साहेब : अहो, मग घाला की नोंद! आजची तारीख टाका. आज बाहेर आहेत, यात खोटं काय? उघडा पेन. टेलरची मुलगी... नाव काय तिचं?

बाई : नाही साहेब.

साहेब : नाही? शुक्रवारी अहवाल जातोय माझा!

बाई : नाव लिहिलं की ती अडकली. तुम्ही चांगले आहात हो, पण उद्या दुसरा कुणी येईल. ग्रंथालय वाचवायला पोरांचे निकाल टांगणीला लावू? माझ्याच्याने नाही व्हायचं.

साहेब : मग बंद होऊ द्यायचं? इतकं करून?

बाई : थांबा जरा. तुमचा फॉर्म काय विचारतो? पुस्तकं किती गेली, की कुणी नेली?

साहेब : बघू... किती गेली. कुणी नेली, ते विचारलेलं नाही.

बाई : मग रजिस्टरात माझ्या नावावर लिहा.

साहेब : सगळी?

बाई : सगळी. हरवली तर माझा निकाल अडवा.

साहेब : बाई, उद्या वरून विचारतील. ही एकटी बाई पाचशे चाळीस पुस्तकं नेऊन करते काय?

बाई : सांगा, परत यायची वाट बघते.