मांजरीला दिलेली गोधडी

चाकाची कुरकुर होती ती, ताई— वंगण संपलेल्या बैलगाडीच्या चाकाची. अजून कानात आहे. तुम्ही विचारलंत ना, एवढ्याशा गोधडीला म्हातारी का जपते, त्यावरून आठवलं. बसा, खाटेवर बसा. शेवंता शेजारी कुंदाबाईकडे पापड लाटायला गेली आहे. ती नाही तेच बरं. तुम्ही आत्ता सांगितलंत ते मी माझ्या तोंडानं सांगून पाहतो, चुकलो तर थांबवा. दिवाळीत मांजरीची पिल्लं गेली, तेव्हा तुम्ही काडीला कापूस लावून त्यांची हगवण तपासायला धुळ्याला नेली. शिमग्यानंतरची पिल्लं गेली, त्यांचीही नेली. आणि या गोधडीचा कोपरा कापून नेला— शेवंताला मी सांगितलं, उंदरानं कुरतडला. म्हणते, मांजरीच्या अंथरुणाला उंदीर लागला, धन्य तुमचं घर! तर तिन्हींत एकच रोग निघाला, आणि त्या विषाणूची जी काय अक्षरं तुम्ही वाचता, तीही तिन्हींची सारखी. म्हणजे नवा बाहेरून आला नाही. दिवाळीचाच गोधडीत बसून राहिला. बरोबर? मला सहीपुरतीच अक्षरं येतात, पण एवढं कळलं.

पण उन्हात वाळवली होती हो शेवंतानं! आमच्या उन्हात पापड दुपारपर्यंत काचेसारखा होतो, माणूस वाळतो, आणि ते मरत नाही? नसेल मरत. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही म्हणता तर खरंच. मग एक तर जाळायची, नाहीतर त्या ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायची— कालवलंत तुम्ही, बादलीचा वास येतोय इथवर. पण जुन्या लुगड्याची आहे ती, ताई. त्या पाण्यात तिच्या चिंध्या होतील. जरा थांबा.

शेवंताचं काही चुकलं नाही. व्यायला आलेली मांजर आमच्याकडे कोणी हाकलत नाही, बाळंतीणच ती. शेवंतानं तिच्यासाठी पेटीच्या तळातून ही गोधडी काढली, तेव्हा कुंदाबाई म्हणाली, "अक्का, आता पाचवीही पुजा, बारशाला आम्ही येतो." शेवंता म्हणाली, "येशील तर हात हलवत येऊ नको, झबलं आण." किती वर्षांनी तिला असं हसताना पाहिलं मी. मग पिल्लं ओकायला लागली. ओकणारं पिल्लू ती या गोधडीतच गुंडाळून मांडीवर घ्यायची— एक गेलं की दुसरं. सगळी गेल्यावर गोधडी धुतली, वाळवली, आणि पुढच्या खेपेला पुन्हा हीच अंथरली. ऊब मिळावी म्हणून. आता तिला काय सांगायचं, तुझ्या गोधडीनं मारली? नाही, ताई. तुम्ही म्हणा, हवेतून आला रोग. एवढं खोटं बोला माझ्यासाठी.

कारण ही रत्नाची आहे. आमची पोर, चौथं लागलं होतं तिला. सकाळी ओकारी, मग जुलाब, दुपारी डोळे खोल गेले. गाडी जुंपली, धरणगावला निघालो, शेवंता मागं तिला या गोधडीत घेऊन बसलेली. नाल्यापर्यंत पोर कण्हत होती. मग कण्हणं थांबलं, नुसती चाकाची कुरकुर राहिली. मी मागं वळून पाहिलं नाही. तशीच गाडी नेली. दवाखान्यात विचारलं, कशानं गेली हो? म्हणाले, साथ आहे, पोरं जातात. नाव नाही, काही नाही. काडीला कापूस लावून कोणी काही नेलं नाही. आणि शेवंता अजूनही भाकरी थापता थापता मध्येच थांबते— मी दिलेलं पाणी वाईट होतं का, म्हणते, का रात्रीचं कालवण? मी म्हणतो, तवा तापला आहे, भाकर टाक.

म्हणून विचारतो. हसू नका मला. मांजराचं दिवाळीपासून टिकलं ना या कापडात? मग माणसाचं किती टिकतं? ही आत थरावर थर लावून शिवलेली आहे, आतला एखादा थर राहिला असेल, एखादा टाका— तिथं रत्नाचंही असेल की. तेही वाचाल का? मला नको, मला काय करायचं. तिला पाहिजे. तुझ्या हातून नाही गेली पोर, एवढं जर धुळ्याहून कोणी सांगितलं तर— ताई? तुम्ही दाराकडे काय बघता?

शेवंता! तू कव्हय उनी? कधीची उभी दारात? ये, ये ना— ताई म्हणतात, हवेतून आला रोग, हवेतून. हो ना ताई? सांगा ना तिला. अगं, गोधडी कुठं नेतेस? ठेव. शेवंता, त्या बादलीत नको— हात पोळतील, काढ बाहेर, त्यात रत्नाचं— काय करी राहिनी तू! बठ्ठी बुडवली. ताई, सगळी बुडवली हो हिनं. शेवंता, मला शिव्या दे. अगं, हात तरी पूस—