रस्त्यावर घातलेला बांध

दूध डांबरावरनं माझ्या पायाकडं आलं, धुक्यात दिसंना, नुसतं कोमट लागलं, आणि त्या दुधात माझा भाचा तुकाराम आडवा पडलेला. मोटारसायकल पल्याड. एक किटली अजून गडगडत कुटं तरी चालली व्हती, तिचा आवाज लांब लांब जात व्हता. मेंढरं माझ्या मागं उभी. कशाला अडकून पडला, असं मी विचारलं न्हाय. मला ठावं व्हतं. रस्त्यात बांध व्हता, आणि तो बांध मी घातला व्हता.

काय सांगू तुमाला, माझा सगळा जल्म मेंढरांमागं गेला. शाळा चौथीपतुर, वाचता येतं, सही येती. आमची वस्ती टेंभुर्णीकडनं अकलूजला जाणाऱ्या रस्त्याला लागून. मेंढरं बसत्यात अलीकडं, पाण्याचं तळं पलीकडं, म्हंजी रोज दोनदा रस्ता ओलांडायचा. आदी एवढासा रस्ता व्हता, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं मातीत उतरायचं. मग रुंद केला, गुळगुळीत केला, आणि गाड्या अशा पळाय लागल्या की आवाज येईपतुर गाडी गेलेली. मेंढराचं कसं असतं, पुढचं गेलं की मागचं जातंय, मान खाली घालून, बघत न्हाय. एक दिवस एका टेम्पोनं माझी मेंढरं चिरडली, तरी मागची त्यांच्यावरनं चाललीच. मी मधी काठी घेऊन उभी. धूळ खाली बसंना, मेंढरं सरंनात, मला वाटलं हे सपान हाय, आता जाग येईल. आली न्हाय.

गाड्या हळू व्हाव्यात म्हणून रस्त्याच्या हापिसात अर्ज दिलेला, तितं परत गेले. सायब म्हणाले, आज्जी, अर्ज दिलाय न्हवं, पाहणी हुईल. म्हटलं, कवा? तर म्हणाले, हुईल की. मी म्हटलं, मग मेंढरांस्नी सांगते, पाहणी हुईपतुर तहान धरा. सगळी हसली. मी न्हाय हसले.

घरी आले, सुनेला म्हटलं, माती वाहायची पाटी काढ. वस्तीतल्या सात बायका गोळा केल्या, मुरूम आणला, पाणी मारलं, धुमसानं ठोकला. आमचा हात शेताला बांध घालायचा. उभा, टणक, पाण्याचा थेंब पल्याड जाऊ नये असा. तसाच रस्त्यावर घातला. सून म्हणाली, लई उंच झाला की वो. म्हटलं, उंचच पायजे, गप ठोक. चुना मारायचं कुणाच्या डोस्क्यात आलं न्हाय, शेताच्या बांधाला कोण चुना मारतंय? दिस मावळायच्या आत गाड्या थांबत थांबत जायला लागल्या, आमी कडंला बसून चा पिला. लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि पहाटं हे धुकं. तुकाराम म्हंजी माझ्या थोरल्या भावाचा पोरगा, चाळिशीचा बाप्या, वस्त्यावस्त्यांवरनं दूध गोळा करून डेअरीला न्यायचा. डोळं उघडून म्हणाला, आत्ती, काल हितं काय नव्हतं की गं. म्हटलं, मी घातलाय. म्हणाला, तू? मग म्हणाला, मेंढरं हाकल, दूध चाटायलीत. खरंच चाटत व्हती, गळ्यातल्या घंट्या वाजवत, जणू सणच हाय. धुकं असं की मला त्याचं पाय दिसंनात. नंतर त्याची शुद्ध गेली ती तीन दिस आली न्हाय.

वस्तीतली म्हणाली, म्हातारे, गप बस, कुणी बघितलं न्हाय. दवाखान्यात भावजय छाती पिटत म्हणत व्हती, ज्यानं घातला त्याचा हात झडू दे. मी तिच्या म्होरं बसले, हात पुढं केला, म्हटलं, वैनी, ह्यो हात. दोन महिने ती माझ्याशी बोलली न्हाय. पोलिसाला बी मीच सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, माझा अंगठा मागितला, मी सही केली.

मग पाहणी झाली, लगेच. एक इंजिनेर पोरगी आली, फोडलेल्या बांधाजवळ उकिडवी बसली, टेप लावला. म्हणाली, आज्जी, तुमी गाडी अडवली. अडवायची नसती, हळू करायची असती. चढ लांब पायजे, उतार लांब पायजे, वर पांढरं पट्टं, लांबनं दिसंल अशी पाटी, आणि त्याच्या बी आदी बारीक बारीक पट्ट्या, म्हंजी चाक थरथरतंय आणि डायवर जागा होतोय. म्हटलं, बाई, हे आदी येऊन सांगितलं असतंस तर? ती म्हणाली, व्हय. एवढंच म्हणाली, कारणं दिली न्हाईत. मला ती पटली.

मग ती म्हणाली तसा गतिरोधक झाला. आता गाडी येती ती लांबनं घरघरत येती, मग हळू हुती, मग माणसाच्या चालीनं. मेंढरं ओलांडत्यात, मी मधी उभी असते, डायवर काचंतनं माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं. कवा कवा समदं इतकं सावकाश चालतंय की वाटतं, आमी हाय तितंच उभी हाय आणि रस्ताच आमच्या खालनं वाहत चाललाय. भावजय बोलती आता, कामापुरती. बोलू दे न्हाय तर नको, तिची मर्जी.

तुकारामचा एक पाय आखूड झाला. मोटारसायकल सुटली, दूध त्याची बायको नेती. पण तो जगला.