इळा हानत न्हाईत

—न्हाई, मरायला माझी ना न्हाई, मागच्या दोन पिच्चरात मेलीच हाय की. पन तुमी म्हनताय गावातलं कुणी मरनार न्हाई, आन गावातलं कुणी मारनार बी न्हाई—मंग आमी करायचं काय? च्या द्यायचा? तो तर आत्ता बी देतेय. घ्या, गार हुतोय.

कळलं की मला तुमचं, वेदांतदादा. अमेरिकेत शिकताना खुनाचे शंभर पिच्चर बघून तुमी मोजून काढलं—तितं काळ्या मानसाला आदी मारत्यात आन गोरी पोरगी शेवटपतूर जगती. आन आपल्याकडं गावातली बाई आदी मरती, न्हाईतर गावातलाच येडा खुनी निघतो. बराबर हाय. मीच मेले ना—येकदा हिरीवर, येकदा गोठ्यात, दोन्ही बारीला पाठमोरी. पंचायतीच्या टीव्हीवर सीडी लावली, सगळा गाव बसला, मी दाखवतेय ही बगा मी, ही मीच—तर आमची जाऊ सगुणाबाई म्हनती कशी, "रंभे, असली पाठ गावात धा जनींची हाय." हसले समदे. मी बी हसले.

म्हनून म्हनते, त्वांड दिसू द्या माझं. येकदा. शेवटी मुखवटा निघतो तवा सगळं थेटर कुणाकडं बघतं? खुन्याकडं. ती जागा मला द्या. गावाची बदनामी व्हईल? गावाला इचारलं का तुमी? तुमचा खुनी कोन, तर पुन्याकडं सूसच्या सोसायटीतला कंप्युटरवाला, मनीष. म्हंजे जिमीन त्यांची, हा बंगला त्यांचा, धरनावरचा वारा त्यांचा—आन आता खून बी त्यांनीच करायचा?

आन सकाळी शूटिंगला इळा कसा धरला त्यानं, बघितलं मी झाडताना. वरनं खाली हानतोय, जसं काय धुनं धोपटतोय. इळा हानत न्हाईत. वढत्यात. द्या तो इळा, हिकडं या, बसा पायरीवर. आदी डाव्या हातात मूठ भरायची—केस बरं वाढल्यात तुमचं, लोंबीवानी—मूठ आवळायची, वाकवायची, मंग इळा बुडाशी लावायचा आन आपल्याकडं—हालू नका. चाळीस वर्सं हितंच कापलंय मी. व्हय, ह्याच व्हरांड्यात. हितं आंबेमोहोर भात व्हता. बंगल्याचा पाया खांदला तवा लोंब्यांत दाना भरला व्हता, पंधरा दीस थांबले असते तर कापनी झाली असती. आमचं मालक जिमीन इकायची सही करून आले आन मला पेढा दिला. इचारलं न्हाई—पेढा दिला. मी खाल्ला. तवापासनं हितं कुणी पाय पसरून बसलं का मनातल्या मनात मूठ भरते मी—येक, दोन, तीन—सांजंपतूर वावर रिकामं.

घाबरलास? मनीषच्या हातात इळा बघून असा गप बसलास का कदी? मंग आता लिव कागदावर. खुनी, रंभाबाई. मुखवटा नगं—त्वांड उघडं, पयल्यापासनं.

हां. सोडले केस. च्या तसाच ऱ्हायला बगा तुमचा. जावा, उजेड हाय तवर कामं उरका.

इळा हितंच ऱ्हाऊ द्या. तुमच्या मानसाला लागंल कुटं तरी.