एका घरचं एकच पाकीट

हबीब : सांगून टाक निलोफर, पुसला ना मी ताईच्या पोरीचा, निकिताचा फोटो?

निलोफर : चाचा, आधी माउसवरून हात काढा. अन् काय केलं ते पयल्यापासून सांगा.

हबीब : काल ताईच्या घरच्या अमरच्या लग्नाचा फोटो चढवला, तू बनवलेल्या आपल्या स्टुडिओच्या वेबसाइटवर. नाव टाकलं, 'विमलताई, आर्णी'. आज ताई आल्या, निकिताचा फोटो मोठा करून पाह्यजे म्हणे. पाहतो तं तिच्या जागी नवरदेव.

निलोफर : निकिताच्या फोटोलेही हेच नाव होतं?

हबीब : मंग? चाळीस वर्सं निगेटिव्हचं एका घरचं एकच पाकीट ठेवून राह्यलो मी. आजा त्यातच, नातू त्यातच.

विमलताई : माह्याजवळ तिचा दुसरा फोटो नाही वं बाई. चौथीत होती. आठ दिवसाच्या तापात गेली.

हबीब : अन् निगेटिव्ह वाळवीनं खाल्ली. होतं ते या कॉम्प्युटरातच होतं. ताई, मले माफ करा.

निलोफर : माफी कायले मागता? फोटो हाये.

हबीब : मले बरं वाटावं म्हणून बोलू नको बेटा.

निलोफर : नाही, खरंच. नाव तुम्ही काहीही टाका, फोटो आत गेला का वेबसाइट त्याले आपला नंबर देते. दोन फोटो, दोन नंबर. नवा जुन्यावर पडतच नाही. एका नावाखाली शेवटचाच दिसते, ती चूक माही. उद्या सुधरवीन.

हबीब : हे कॉलेजात शिकवलं तुले?

निलोफर : तुम्हीच शिकवलं. पाकिटावर घराचं नाव, पण दर निगेटिव्हच्या कोपऱ्यात शाईनं बारीक नंबर. लहानपणी वाटे, चाचा काहून एवढी मेहनत करते? वेबसाइट बनवाले बसली तवा समजलं. अजून एक घेतलं तुमचं. निगेटिव्ह गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही.

हबीब : प्रिंट द्यायची.

निलोफर : हो. मोबाइलवर जाते ती लहान कॉपी, लवकर उघडावी म्हणून. मूळ फोटो आत राह्यते, त्याले कोणी हात लावत नाही.

हबीब : ऐकलं का ताई? मी हिले म्हणत होतो, कॉम्प्युटरवाली झाली, दुकान विसरली. हिनं तं सारं दुकान उचलून आत नेऊन ठेवलं. मले अभिमान वाटते पोरी तुहा.

विमलताई : हुशारच हाये पोरगी. पण मले नंबर नको सांगू माय, माही निकिता दाखव.

निलोफर : हा पाहा. मूळचा, पुरा मोठा.

(विमलताई खुर्ची पुढं ओढतात.)

विमलताई : मोबाइलवर नुसता चेहरा दिसे. हे फ्राकले पिन दिसून राह्यली.

हबीब : गळ्यापाशी? तवा माह्या ध्यानात नाही आली. प्रिंट काढतानी साफ करून देतो.

विमलताई : नका करू हबीबभाऊ. बटन तुटलं होतं, शाळेची घाई होती. मीच लावून देलती.