बुधा हिलम यांचे पक्के घर

दिनांक १४ जून २०२५

नाव : सौ. कमळी कृष्णा हिलम, वय अंदाजे ३५ वर्षे (जन्मतारीख माहीत नाही), धंदा : मजुरी, राहणार : उंबरकोंड आदिवासी वाडी, निडीच्या पुढे, ता. रोहा, जि. रायगड. मोबाईल : स्वतःचा नाही.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, मला विचारण्यात आल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती कृष्णा, मुलगी शीतल व सासरे बुधा जनू हिलम यांच्यासह राहत होते. सासू पूर्वीच मयत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. सासरे बुधा यांच्या मरणाबाबत मला जी हकीकत माहीत आहे ती मी सांगत आहे.

आमची जुनी वाडी ओढ्याकाठी सपाटीला होती. घरे कुडाची होती. ती जागा आमच्या नावावर नसल्याने तिथे घरकुल मंजूर होत नव्हते. मागील वर्षी डोंगराच्या पायथ्याची सरकारी जागा आम्हाला दाखवण्यात आली. ती उताराची असल्याने जेसीबी लावून मागचा डोंगर उभा कापला व जागा सपाट केली. आमच्यात कोणालाच विटेचे काम येत नसल्याने सर्व घरे प्रविण नावाच्या ठेकेदाराने एकत्र बांधली. कामावर देखरेख कंत्राटी अभियंता प्रणित साहेब यांची होती.

मार्च महिन्यात मी व माझे पती पेणजवळ जोहे येथे गणपतीच्या कारखान्यात माती मळण्याच्या कामावर होतो. कारखानदाराच्या फोनवर आमची शेजारीण चंद्रावती हिचा निरोप आला, "कमळे, लगेच इकडं ये गो. जुनी घरं पाडायची हायत." आम्ही वाडीवर आलो. मी प्रणित साहेबांना म्हणाले, "पावसाळा जाऊ द्या. नव्या घरात राहून बघू, मंग पाडू." त्यावर ते म्हणाले, "जुनं उभं राहिलं तर नवं पूर्ण धरत नाहीत, ताई. मार्चअखेर तालुक्याचं घरांचं उद्दिष्ट पूर्ण करून द्यायचंय. पावसाळ्याचं कोण विचारतंय?" त्याच दिवशी सर्व कूड पाडले. आमच्या घराची मेढ, म्हणजे मधला लाकडी खांब, सासऱ्यांनी स्वतः उपटली. त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती. ते आनंदात होते, हे मी खरे सांगते.

नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर योजनेचे व लाभार्थी म्हणून सासऱ्यांचे नाव रंगवले होते. सासऱ्यांना वाचता येत नव्हते. ते रोज संध्याकाळी शीतलला ओट्यावर उभी करून म्हणत, "वाच गो, काय लिवलंय?" ती वाचायची. ते अक्षरांवरून हात फिरवायचे. फरशी ते दिवसातून दोनदा पुसत. आम्हाला चपला घालून आत येऊ देत नसत. मला म्हणत, "आपला कूड वाऱ्यानं हलायचा. ह्ये बघ, जागचं हलत नाय."

यंदा पाऊस मे महिन्यातच सुरू झाला. त्यानंतर आमच्या मागच्या खोलीत जमिनीतून पाणी वर येऊ लागले. छतातून गळत नव्हते. प्रविण ठेकेदार याला विचारले असता तो म्हणाला, "नवीन काम घाम सोडतं." पुढे वाडीतील दरवाजे लागेनासे झाले. प्रणित साहेब म्हणाले, पावसात लाकूड फुगते. आमचे दरवाजे लोखंडी पत्र्याचे आहेत. चंद्रावतीचा दरवाजा तर ती आत असतानाच अडकला. माझ्या पतीने पहार घालून चौकट वाकवली तेव्हा ती बाहेर आली. स्लॅबवर मधूनमधून खडे पडल्याचा आवाज येई. बाहेर जाऊन बघावे तर कोणी नसे. वाडीतली कुत्री घरांच्या मागे जात नव्हती.

मला डोंगरातले काही कळत नाही. मला भीती वाटली म्हणून मी शीतलला घेऊन मराठी शाळेत राहायला गेले. शाळेला सुट्टी होती. मागोमाग इतर कुटुंबेही आली. सासरे आले नाहीत. ते मला सर्वांदेखत म्हणाले, "आख्खा जलम कुडात गेला माजा. आता पक्क्या घरातनं उठून शाळंत झोपू? तू जा. माजं नाव हाय त्या भिंतीवर." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. मी रोज भाकरी नेऊन ओट्यावर ठेवत असे. दुसऱ्या खेपेला गेले की ताट धुऊन पालथे घातलेले असे.

आठवड्यापूर्वी प्रणित साहेब शाळेत आले. ते मला म्हणाले, "तुम्ही अफवा पसरवली, ताई. पाहणीला वरून माणसं येणार आहेत. घरं रिकामी दिसली तर माझी नोकरी जाईल." मी म्हणाले, "साहेब, तुमी एक रात आमच्या घरात झोपा. मंग आमी समदी जातो." ते डोंगराकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते बाजूला जाऊन फोनवर बोलताना मी ऐकले, "हो सर. राहतात सर. सगळे राहतात."

परवा गुरुवारी पाहणी होती. सकाळपासून पाऊस जोरात होता. रस्त्यावर पाणी आल्याने पाहणीची माणसे येऊ शकली नाहीत. त्यांनी फोटो पाठवायला सांगितले, असे प्रणित साहेबांनी आम्हाला सांगितले व प्रत्येक घराच्या दारात माणसे उभी करून फोटो काढले. आम्ही उभे राहिलो व लगेच बाहेर आलो. सासरे धुतलेला सदरा घालून, टोपी घालून उभे होते. फोटो काढून झाल्यावर ते आत गेले.

मी अंगणातून हाक मारली, "आबा, चला आता. पाऊस लय हाय."

ते आतून म्हणाले, "कमळे, आज चूल हितंच पेटव. फोटू काढलाय घराचा. चा टाक."

इतक्या दिवसांनी ते माझ्याशी बोलले म्हणून मी उंबऱ्यापर्यंत गेले. आत खाटेजवळ ते फरशी पुसत होते. मागच्या भिंतीतून पाणी येत होते व ते लाल होते. मी म्हणाले, "आबा, पाणी बघा कसलं येतंय." ते म्हणाले, "पुसतो की मी." मी आत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. मी पतीला बोलावून आणावे म्हणून बाहेर अंगणात आले. माझ्या एकटीच्याने ते ओढून निघाले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही.

ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज आला. मी मागे बघितले तेव्हा मागची भिंत आत आली होती व स्लॅब एका बाजूने खाली बसला होता. त्यानंतर मी ओरडत होते, असे मला लोकांनी सांगितले. मला ते आठवत नाही.

माझे पती, वाडीतील माणसे व ठेकेदाराचे मजूर यांनी माती काढली. प्रणित साहेब फावडे नसल्याने हाताने माती काढत होते. त्यांची नखे फुटली होती. ते सारखे "बुधाबाबा, बुधाबाबा" म्हणत होते. सासरे खाटेखाली सापडले. त्यांना रोहा येथे सरकारी दवाखान्यात नेले असता डॉक्टरांनी तपासून ते मयत झाल्याचे सांगितले.

दवाखान्याच्या आवारात प्रविण ठेकेदार म्हणाला, "म्हातारं माणूस. नशीब." प्रणित साहेब रात्रीपर्यंत बाहेर बसून होते. निघताना त्यांनी माझ्या पतीस सांगितले की, आमचे घर कागदावर पूर्ण धरले गेले आहे. तरी ते वर बोलून पुढच्या वर्षीच्या उद्दिष्टात दुसरे घर बसवून देतील. माझ्या पतीने विचारले, "कुठं?" ते म्हणाले, "जागा तीच आहे. दुसरी जागा नाही."

वाडीतील बाकीची घरे उभी आहेत. त्यांच्या मागचा डोंगर आमच्यापेक्षा जास्त उंच कापलेला आहे. सोमवारी शाळा भरणार असल्याने गुरुजींनी शाळा रिकामी करण्यास सांगितले आहे. त्यात गुरुजींचा दोष नाही. जुनी वाडी पाडलेली असल्याने लोकांना जायला जागा नाही. आज मी इकडे येण्यास निघाले तेव्हा चंद्रावती डोक्यावर हंडा व गोधड्या घेऊन परत वर नव्या घराकडे चालली होती. मी तिला थांब म्हणाले. ती म्हणाली, "लेकरांना घेऊन कुठं थांबू गो?" आमच्याकडे आताही पाऊस चालू आहे.

माझा कोणावर संशय आहे काय, असे मला विचारण्यात आले. त्यावर माझे सांगणे असे की, प्रणित साहेबांना वरून विचारत होते. त्यांना विचारणाऱ्या साहेबांनाही कोणीतरी वरून विचारत असणार. इतकी घरे इतक्या तारखेला झालीच पाहिजेत, हे पहिल्यांदा कोण बोलले, ते मला माहीत नाही. त्यांचे नाव पोलिसांनी शोधून इथे लिहावे.

~~सदर मरणाबाबत माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.~~

वरील ओळ मला वाचून दाखवली असता मी ती खोडण्यास सांगितली. ती माझ्यासमोर खोडली असून तिच्याशेजारी मी अंगठा उठवला आहे.

हा माझा जबाब मी सांगितला तसा लिहिला आहे व मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला आहे. खोडलेली ओळ सोडून बाकी सर्व खरे आहे.

निशाणी अंगठा : कमळी कृष्णा हिलम

समक्ष : पोलीस हवालदार